रोहनावरचे एकशे सतरा

आमच्या घराच्या मागच्या बाजूला मोहल्ला होता, तिथे एक चाचा राहायचे, बोटीवरून रिटायर झालेले. कोकणात "बोटीवर होते" एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत नल्ली. नल्ली म्हणजे खलाशाचं सर्व्हिस बुक, कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, वागणूक कशी, सगळं शिक्क्यांसकट. मी शाळेत होतो तेव्हा ते मला ती वाचायला लावायचे, कारण आतलं सगळं इंग्रजीत आणि त्यांना नुसत्या बोटींची नावं ऐकायची असायची. त्यात परत परत एक नाव यायचं, करंजा. मला वाटलं उरणजवळचं करंजा, तर चाचा म्हणाले, "नाव आपला, बोट सायबाची." बी. आय. कंपनी, म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, तिच्या बोटींना हिंदुस्थानातल्या गावांची नावं द्यायची पद्धत होती, शेवट शक्यतो आ-कारान्त. करंजा मुंबईहून आफ्रिकेला जायची, सेशेल्स, मोंबासा, पार डर्बनपर्यंत.

आणि एकदा बोलता बोलता ते म्हणाले की ही दुसरी करंजा, पहिली लढाईत गेली. एवढंच. मी तेव्हा विचारलं नाही कुठल्या लढाईत, कशी, कोण होतं तिच्यावर. आता विचारायला ते नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी ते वाक्य डोक्यात परत आलं आणि मी पहिली करंजा शोधायला बसलो. १९३१ ची बोट. लढाईत सरकारने घेतली आणि किनाऱ्यावर सैन्य उतरवणारं जहाज करून टाकली. १९४२ च्या मे मध्ये मादागास्करच्या स्वारीत होती, नोव्हेंबरमध्ये उत्तर आफ्रिकेत, आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला अल्जीरियातल्या बुजी बंदरात, आता त्याला बेजाया म्हणतात, विमानांनी बॉम्ब टाकून बुडवली. हे वाचता वाचता त्याच किनाऱ्यासमोर, जेमतेम एक वर्ष आणि दोन आठवड्यांनी बुडालेली त्याच कंपनीची दुसरी बोट सापडली. तिचं नाव रोहना. करंजा राहिली बाजूला आणि मी रोहनामध्ये अडकलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

रोहना १९२६ ची. इंग्लंडात टाइन नदीकाठी हेबर्न म्हणून गाव आहे, तिथल्या हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत बांधलेली, साधारण ८,६०० टनांची. तिची जोडबहीण राजुला, तीही त्याच वर्षीची पण ग्लासगोची. दोघी एकाच कामासाठी बांधल्या होत्या, मद्रास, नागपट्टणम, पेनांग, सिंगापूर. या रूटवर जाणारी माणसं कोण, तर मलायातल्या रबराच्या मळ्यांवर कामाला जाणारे तमिळ मजूर, त्यांच्या बायका, पोरं, आणि परत येणारे, कोणी चार पैसे गाठीला बांधून, कोणी नुसता ताप घेऊन. वरच्या मजल्यावर थोड्या केबिन्स, पण बोट चालायची ती डेकच्या प्रवाशांवर. राजुलाला पाच हजारांहून जास्त डेक प्रवासी न्यायचा परवाना होता म्हणे, तोही साडेआठ हजार टनांच्या बोटीत. सुएझच्या पलीकडच्या मोठमोठ्या लायनर्समध्येसुद्धा इतकी माणसं कोणी भरत नसे.

डेकचा प्रवास कसा असतो ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझी आई लहानपणी मुंबई-गोवा आगबोटीने जायची, ती सांगते, वर चढल्या चढल्या आधी वळकटी पसरून जागा धरायची, ट्रंक उशाशी, पोरं मधोमध, आणि रात्री शेजारच्या माणसाचे पाय आपल्या डोक्याशी. वारा सुटला की अर्धी बोट ओकायची. एका रात्रीचा प्रवास होता तो. मद्रास ते सिंगापूर असेच कित्येक दिवस.

मग १९३९ ला लढाई सुरू झाली आणि १९४० मध्ये रोहना सरकारने घेतली, सैनिक वाहायला. पॅसेंजर बोटीची ट्रूपशिप कशी करतात याबद्दल मी जेवढं मिळालं तेवढं वाचलं. मोठ्या लायनर्सचं काम अवघड असायचं, गालिचे काढायचे, झुंबरं उतरवायची, नक्षीचं लाकूड पॅक करून गोदामात ठेवायचं, डायनिंग हॉलमध्ये बंक्स ठोकायचे. क्वीन मेरीचं तसं झालं, आणि मग त्याच क्वीन मेरीने जुलै १९४३ मध्ये एका फेरीत १६,६८३ माणसं अटलांटिकपार नेली, तो विक्रम आहे. पण क्वीन मेरी पळायची इतकी जोरात की पाणबुडी तिला गाठू शकत नसे, म्हणून ती एकटी जायची. रोहना बारा-तेरा नॉटची बोट. तिला ताफ्यातच जायला लागायचं, सगळ्यांच्या चालीने.

आणि रोहनाचं रूपांतर करायला फारसं काही लागलंच नसणार. बाहेरून करडा रंग, डेकवर तोफा आणि त्या चालवायला गोलंदाज, जादा तराफे. पोट तर आधीच मोकळं होतं. जिथे मजूर वळकट्या पसरायचे तिथे जेवणाची लांब टेबलं, वर हुकांना सैनिकांच्या झोळ्या, झालं. गरीब माणसाला कसं भरायचं हे त्या बोटीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं की सैनिक आणि डेकचा प्रवासी हे कंपनीच्या नकाशावर एकाच खणात बसत होते, इतके स्क्वेअर फूट, इतकी डोकी.

नोव्हेंबर १९४३ मध्ये त्या पोटात साधारण २,००० अमेरिकन पोरं होती. पोरंच म्हणायची, वीस-बावीसची. आणि ती येत होती इकडेच, भारतात. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर अमेरिकेला विमानतळ बांधायचे होते, त्यासाठी इंजिनीयरांची पलटण, ८५३ वी एव्हिएशन बटालियन, तिच्याबरोबर आणखी युनिट्स. अल्जीरियात ओरानला ती रोहनावर चढली. २५ नोव्हेंबरला बोट निघाली, तो त्यांचा थँक्सगिव्हिंगचा दिवस, घरी असते तर टर्कीचं जेवण झालं असतं. ओरानबाहेर ती ब्रिटनहून आलेल्या केएमएफ २६ या ताफ्यात सामील झाली. बी. आय. च्याच एग्रा आणि कारोआ याही बरोबर होत्या. पूर्वेकडे, सुएझच्या दिशेने.

२६ तारखेला संध्याकाळी जर्मन विमानं आली. त्यातल्या हाइन्केल १७७ विमानांच्या पंखांखाली एक नवीन चीज होती, एचएस २९३. हा पंख असलेला बॉम्ब, खाली रॉकेट, शेपटीला एक दिवा, आणि विमानात बसलेला माणूस तो दिवा डोळ्यांनी धरून छोट्या दांडीने रेडिओवरून बॉम्बला डावीकडे उजवीकडे वळवायचा. आज आपण मिसाइल म्हणतो त्याचा हा आजोबा. तीनच महिने आधी, २७ ऑगस्टला, याच बॉम्बने एग्रेट नावाची ब्रिटिश युद्धनौका बुडाली होती, अशा नेमबाज बॉम्बने बुडालेलं ते जगातलं पहिलं जहाज. त्या संध्याकाळी ताफ्यावर असे पुष्कळ बॉम्ब सोडले गेले, बहुतेक पाण्यात गेले. एक रोहनाला लागला. साडेपाचच्या आसपास, डाव्या कुशीत, पाण्याच्या थोडं वर, इंजिनरूमच्या भागात. वीज गेली, पंप बंद, आग, आणि डाव्या बाजूचा स्फोट उजवीकडचे पत्रेसुद्धा फाडून गेला. तासा-दीड तासात बोट शेपटाकडून खाली गेली.

पुढचं वाचवत नाही पण वाचायला पाहिजे. बोटीवर २२ लाईफबोटी होत्या. डावीकडच्या सहा स्फोटातच गेल्या. उरलेल्यांचे दोर अडकलेले, हुक गंजलेले, कप्प्यांवर रंगाचे थर बसलेले. पाण्यात उतरल्या फक्त ८, आणि त्याही भरून बुडाल्या किंवा उलटल्या, बहुतेक सगळ्या. समुद्र खवळलेला, नोव्हेंबरचं गार पाणी, आणि अंधार पडायला लागलेला. अमेरिकन सैनिकांना कमरेला बांधायचे फुगणारे पट्टे दिले होते. ते काखेखाली वर ओढून फुगवायचे असतात, हे कोणी नीट शिकवलं नव्हतं. कमरेलाच फुगवला की माणूस उलटा होतो, पाय वर डोकं खाली. कित्येक जण तसेच मेले, ज्या वस्तूने वाचायचं तिच्यामुळेच. पायोनियर नावाचं एक छोटं अमेरिकन माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज होतं, त्याने रात्रभर शोधून ६०६ जणांना वर काढलं, एवढुशा जहाजाने. माझ्या मते त्या रात्री माणुसकीचं सगळ्यात मोठं काम त्या जहाजावर झालं. लाटेबरोबर जहाजाची कूस वरखाली आदळत होती, आणि दोर हातात येऊनही काही जण तिच्याखाली चिरडले गेले.

१,०१५ अमेरिकन सैनिक मेले. एकट्या ८५३ व्या पलटणीचे ४९५. शत्रूच्या हल्ल्यात समुद्रावर एकाच वेळी इतके अमेरिकन सैनिक गेल्याची दुसरी घटना नाही. आणि ही गोष्ट दाबून ठेवली. वाचलेल्यांना सांगितलं, बोलायचं नाही. घरी तार गेली, बेपत्ता. त्या बॉम्बचं तंत्र किती यशस्वी झालं ते जर्मनांना कळू नये हे कारण, आणि लढाईच्या ऐन भरात ते मला समजूही शकतं, पण लढाई संपल्यावरसुद्धा पूर्ण खरं बाहेर यायला १९६० चं दशक उजाडलं. आईबाप मेले त्यांना पोरगं कसं गेलं हे न कळता. १९९६ मध्ये अलाबामातल्या फोर्ट मिचेलच्या सैनिकी स्मशानभूमीत रोहनाचं स्मारक झालं, २००० मध्ये अमेरिकन संसदेने ठराव करून त्यांची आठवण काढली. ट्युनिशियात कार्थेजच्या अमेरिकन दफनभूमीत भिंतीवर बेपत्तांची नावं कोरलेली आहेत, त्यात रोहनाची पोरं आहेत. उशिरा का होईना, झालं.

आता मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

बोट चालवत कोण होतं? कॅप्टन मर्फी, ऑस्ट्रेलियन, वाचले. बरोबर गोरे ऑफिसर. आणि बाकी सगळे आपले. बी. आय. च्या बोटीवर खालपासून वरपर्यंत हिंदुस्थानी खलाशी असायचे, सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, आगवाले, तेलवाले, भंडारी, टोपास. इंग्रज त्यांना लास्कर म्हणायचे. कंपन्यांची अशी पद्धतच पडून गेली होती की डेकवर अमुक मुलखाचे, इंजिनात तमुक मुलखाचे, आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणाच्या दालनात, बटलर-स्टुअर्ड गोव्याचे. रत्नागिरीच्या खाड्यांमधून किती पिढ्या या बोटींवर गेल्या, धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांमध्ये, गोव्याची किती माणसं पुढच्या बोटीची वाट बघत पत्त्यांचे डाव मांडून बसली, ते मुंबईने बघितलंय. रोहनावरचे नेमके कुठल्या गावचे हे मी सांगत नाही, पण त्यांची कामं, त्यांच्या पाळ्या, त्यांच्या नल्ल्या अशाच असणार.

वाचलेल्या अमेरिकनांच्या आठवणी जेव्हा पुढे आल्या, त्यात या खलाशांबद्दल राग आहे. घाबरले, आधी पळाले, लाईफबोटीत जाऊन बसले, आम्हाला सोडलं. मी हे उडवून लावणार नाही. अंधारात, आगीत, बुडत्या बोटीवर काही माणसं पळाली असतील, त्यात आपलीही असतील. ज्याचा जिवलग दोस्त त्या रात्री गेला त्याच्या रागाला मी नाव ठेवत नाही.

पण आकडे समोर आहेत. रोहनाच्या १९५ खलाशांपैकी ११७ मेले. कागद घेऊन भागून बघा, शंभरातले साठ. अमेरिकन सैनिकांमधले शंभरातले एक्कावन्न-बावन्न. ज्यांच्यावर आरोप आहे की ते आधी पळाले, ते जास्त प्रमाणात मेले. त्यांना ती बोट पायाखालची वाट होती, शिड्या माहीत, दारं माहीत, तराफे कुठे बांधलेत ते माहीत, तरीही. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा परत परत केला, मला वाटलं चुकतंय.

कारण चाचांकडून ऐकलेल्या एका गोष्टीत असावं असं मला वाटतं. बोटीवर पाळ्या असतात, चार-चार तासांच्या. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, दिवसातून दोनदा. चाचा स्वतः सुकाणी, म्हणजे वरचे. ते म्हणायचे, "आम्ही वरचे, आम्हाला उडी तरी मारता येते. खालच्यांना शिडी." बॉम्ब लागला साडेपाचच्या सुमाराला, इंजिनरूमपाशी. म्हणजे चार ते आठची पाळी खाली होती. बॉयलरपाशी आगवाले, इंजिनापाशी तेलवाले. कूस फुटून समुद्र आत आला तो आधी त्यांच्यावर. त्यांनी पळायचं कुठे? आणि ते ज्यांनी पाहिलं असतं तेही त्यांच्याबरोबरच गेले, म्हणून त्यांची हकीकत कुणाच्याच आठवणीत नाही.

गंजलेल्या हुकांचंही तसंच. लाईफबोटीचे हुक तपासायचे की नाही, कधी तपासायचे, कवायत किती वेळा घ्यायची, हे खलाशी ठरवत नाही. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याला हुकूम आला की तो पोरांना कामाला लावतो, हुकूम वरून यायला लागतो.

आणि हे सगळं किती पगारावर. लढाई सुरू झाली तेव्हा हिंदुस्थानी खलाशाला ब्रिटिश खलाशाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा पगार होता. तीच बोट, तोच समुद्र, तेच टॉर्पेडो. १९३९ च्या शेवटी खलाशांनी जागोजागी बंदरांमध्ये काम बंद पाडलं, पगारवाढ आणि लढाईचा भत्ता मागितला, कित्येकांना त्यापायी तुरुंगात टाकलं. मग थोडा पगार वाढला. हे मी मुद्दाम लिहितोय कारण "घाबरट लास्कर" हा शब्द वाचला की मला ते संपवाले दिसतात, परक्या देशाच्या बंदरात, थंडीत, साहेबाच्या समोर उभं राहून नाही म्हणणारे.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या लढाईत समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं तिथे आहेत, आणि दुसऱ्या लढाईतल्या सुमारे सहा हजारांची नावं नोंदवह्यांमध्ये, तशीच दुसरी प्रत चितगावला. सहा हजार. जिथून खलाशी गेले तो मुलूख पुढे तीन देशांत वाटला गेला, आणि वह्या आता दोन देशांत आहेत. मी हार्बर लाइनने किती वर्षं मस्जिदवरून गेलो, सँडहर्स्ट रोडवरून गेलो, मसाल्याचा वास आला की मस्जिद आलं एवढंच माहीत. त्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर सहा हजार माणसं वहीत आहेत, आमच्या शाळेत कोणी हे सांगितलं नाही, घरी कोणाला माहीत नव्हतं. वाटतं निदान खलाशांच्या गावांमधल्या शाळांनी तरी पोरांना एकदा तिथे न्यावं, नाव शोधायला लावावं, आपल्या आडनावाचं, आपल्या गावाचं.

आणि राजुला? जोडबहीण वाचली. लढाई संपली, परत मद्रास-सिंगापूर सुरू, तीच नागपट्टणम, तीच पेनांग, १९७० च्या दशकापर्यंत. सिंगापूर-मलेशियातल्या कितीतरी तमिळ कुटुंबांची गोष्ट राजुलाच्या शिडीवरून सुरू होते. १९७३ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनने घेतली, नाव बदललं, आणि पुढच्या वर्षी भंगारात. जवळपास अठ्ठेचाळीस वर्षं चालली. रोहना सतरा.

चाचांनी राजुला बघितली होती. ते दुसऱ्या एका मालाच्या बोटीवर सिंगापूरला होते, बाजूच्या धक्क्याला ती लागलेली. उंच काळं धुराडं, त्यावर दोन पांढरे पट्टे, ती बी. आय. ची खूण, आणि माणसं इतकी की कठडा दिसत नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं होतं आणि मला राजुला हे नाव गुजरातेतलं गाव म्हणून तेवढं लक्षात राहिलं. तिची एक बहीण होती हे त्यांना माहीत होतं का, कंपनीतले जुने सारंग कधी बोलायचे का त्याबद्दल, काही कळायला मार्ग नाही.

ती पत्र्याची पेटी आता त्यांच्या नातवाकडे आहे. तोही बोटीवर आहे, टँकरवर, इंजिनरूममध्ये मोटरमन. हे सगळं वाचून झाल्यावर मी त्याला व्हॉट्सअॅपवर रोहनाचा फोटो पाठवला आणि खाली ते दोन आकडे, १९५ आणि ११७. दोन दिवसांनी त्याला नेटवर्क मिळालं. त्याने विचारलं, किती वाजता लागला? मी लिहिलं, संध्याकाळी साडेपाच. त्याने एवढंच लिहिलं, माझीपण चार ते आठच आहे, खाली.